ताम्रसृती

खगोलीय वस्तूकडून निघालेला प्रकाश किंवा अन्य विद्युतचुंबकीय प्रारण निरीक्षकापर्यंत पोहोचेपर्यंत त्याची तरंगलांबी वाढलेली आढळली, तर त्या वाढीस ताम्रसृती असे म्हणतात. दृश्य वर्णपटात जांभळ्या टोकाकडून तांबड्या टोकाकडे जाताना तरंगलांबी वाढत जाते, म्हणून हे नाव. याउलट तरंगलांबी घटलेली आढळल्यास त्यास नीलसृती म्हणतात. ताम्रसृती तीन कारणांनी घडते: उगमस्थान आणि निरीक्षक यांच्यातील सापेक्ष गतीमुळे, गुरुत्वाकर्षणामुळे आणि विश्वाच्या प्रसरणामुळे. तिन्हींचे मोजमाप एकाच रीतीने होते, परंतु त्यांचे अर्थ वेगळे आहेत. या विषयावरील लोकप्रिय लेखनातील बहुतेक गोंधळ हे तीन अर्थ एकमेकांत मिसळल्याने होतो.

संज्ञा

‘ताम्र’ म्हणजे तांबे आणि तांब्याच्या रंगाचे, तांबडे. मराठीतील ‘तांबडा’ हा शब्दही त्यातूनच आला आहे. ‘सृती’ हा शब्द सरकणे या अर्थाच्या ‘सृ’ धातूपासून बनला आहे. मराठी विज्ञानलेखनात ‘ताम्रच्युती’ हा पर्यायही आढळतो, आणि बोलण्यात सर्रास ‘रेडशिफ्ट’ असेच म्हटले जाते. ‘च्युती’ या शब्दात स्थान सोडून ढळण्याचा भाव आहे, तर ‘सृती’ या शब्दात नुसते सरकणे आहे. वर्णपटातील रेषा आपली जागा सोडून एका दिशेने सरकतात, एवढेच सांगायचे असल्याने ‘ताम्रसृती’ हा शब्द अधिक नेमका वाटतो.

हे नाव शब्दशः घेतल्यास मात्र फसगत होते. ताम्रसृती झालेला प्रकाश तांबडा दिसतोच असे नाही. अतिनील प्रारण सरकून निळे होऊ शकते. अवरक्त प्रारण अधिक लांब तरंगांकडे, म्हणजे तांबड्या रंगापासून आणखी दूर सरकते, तरीही त्याला ताम्रसृतीच म्हणतात. रेडिओ तरंगांना तर रंगच नसतो. तेव्हा ‘तरंगलांबी वाढणे’ एवढाच या शब्दाचा शास्त्रीय अर्थ आहे.

वर्णपटरेषा आणि मोजमाप

केवळ रंगावरून ताम्रसृती ठरवता येत नाही. एखादा तारा तांबूस दिसतो तो त्याचे तापमान कमी असल्यामुळे किंवा वाटेतील धुळीने निळा प्रकाश विखुरल्यामुळेही असू शकतो. सायंकाळचा सूर्य तांबडा दिसतो त्याचा ताम्रसृतीशी काहीही संबंध नाही. मोजमापासाठी प्रकाशावर अशी खूण हवी, की जिची मूळ जागा प्रयोगशाळेत आधीच ठाऊक आहे. ही खूण म्हणजे वर्णपटरेषा.

प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात किंवा उत्सर्जित करतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ योझेफ फ्राउनहोफर याने १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांची पद्धतशीर नोंद केली. हायड्रोजनची एक ठळक तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते. एखाद्या दीर्घिकेच्या वर्णपटात हीच रेषा ७२१.९ नॅनोमीटरवर सापडली आणि हायड्रोजनच्या इतर रेषाही त्याच प्रमाणात सरकलेल्या असल्या, तर त्या दीर्घिकेची ताम्रसृती ०.१ आहे असे म्हणतात. ताम्रसृतीसाठी ‘झेड’ हे चिन्ह वापरतात आणि तिची व्याख्या अशी:

१ + झेड = निरीक्षित तरंगलांबी ÷ मूळ तरंगलांबी

झेड हे गुणोत्तरातून आलेले असल्याने त्याला एकक नसते. ते धन असल्यास ताम्रसृती, ऋण असल्यास नीलसृती. झेड १ असल्यास तरंगलांबी दुप्पट झाली, ४ असल्यास पाचपट झाली असा अर्थ होतो. एकच रेषा सापडली तर ती नेमकी कोणत्या मूलद्रव्याची, असा संशय राहतो. म्हणून दोन किंवा अधिक रेषांच्या परस्पर अंतरांचे प्रमाण जुळणे आवश्यक मानले जाते.

वर्णपटाच्या अभ्यासाशी पुण्याचा संबंध जुना आहे. येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेत, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तेथील २० इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून सूर्याचे वर्णपट टिपले. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाइकॅनाल येथे हलवण्यात आली.

डॉप्लर ताम्रसृती

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉप्लर याने १८४२ मध्ये प्राग येथे असे मांडले, की तरंगांचा उगम निरीक्षकाकडे येत असेल तर तरंगांची वारंवारता वाढते आणि दूर जात असेल तर घटते. ध्वनीच्या बाबतीत हा अनुभव नित्याचा आहे. पुण्यात धायरीजवळून जाणाऱ्या मुंबई–बंगळूर महामार्गाच्या कडेला उभे राहिल्यास, भोंगा वाजवत येणारा ट्रक समोरून निघून जाताक्षणी भोंग्याचा सूर खाली उतरल्याचे जाणवते. ट्रकचा वेग ताशी ७२ कि.मी., म्हणजे सेकंदाला २० मीटर, भोंग्याची वारंवारता ४०० हर्ट्झ आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर येताना ४२५ हर्ट्झचा आणि जाताना सुमारे ३७८ हर्ट्झचा सूर ऐकू येतो. संगीताचा कान नसलेल्यालाही हा फरक कळतो.

त्याच ट्रकच्या मागच्या दिव्याचा रंग मात्र बदललेला दिसत नाही. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख कि.मी. असल्याने ट्रकच्या वेगाचे त्याच्याशी प्रमाण दीड कोटीत एक एवढेच पडते, आणि हायड्रोजनच्या तांबड्या रेषेत त्यामुळे ०.००००४ नॅनोमीटरचा फरक होईल. ताऱ्यांचे वेग सेकंदाला काही दहा किलोमीटर असतात, म्हणून तेथे हा फरक मोजता येतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स याने १८६८ मध्ये व्याध ताऱ्यासाठी असे मोजमाप करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न केला. भारतात १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड याने कोडाइकॅनाल येथे सौरडागांच्या कडेच्या वर्णपटरेषा सरकलेल्या पाहिल्या. त्यावरून डागाच्या केंद्राकडून बाहेर सेकंदाला सुमारे २ कि.मी. वेगाने वायू वाहतो असे सिद्ध झाले. हा ‘एव्हरशेड परिणाम’ या नावाने प्रसिद्ध आहे.

वेग प्रकाशाच्या वेगाच्या तुलनेत लहान असेल, तर झेडला प्रकाशवेगाने गुणल्यास दृष्टिरेषेतील वेग मिळतो. वेग मोठा असल्यास विशिष्ट सापेक्षता सिद्धांताचे सूत्र वापरावे लागते. त्यानुसार झेड १ साठी वेग प्रकाशवेगाच्या ६० टक्के येतो. दृष्टिरेषेला लंब असणाऱ्या गतीमुळेही काळ मंदावल्याने अल्पशी ताम्रसृती घडते; ध्वनीच्या बाबतीत याला समांतर काही नाही.

गुरुत्वीय ताम्रसृती

व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार तीव्र गुरुत्वाकर्षण असलेल्या जागी घड्याळे मंद चालतात. अणूतील कंपने हेही एक घड्याळच असल्याने अशा जागेवरून निघालेला प्रकाश दूरच्या निरीक्षकास ताम्रसृत दिसतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रकाशात हे प्रमाण दहा लाखांत सुमारे २ एवढे अल्प आहे. सूर्यावरील वायूंची वर-खाली हालचाल याहून मोठे फरक घडवत असल्याने त्यातून हा परिणाम वेगळा काढणे अवघड ठरले. एव्हरशेडने कोडाइकॅनाल येथे त्यासाठी अनेक वर्षे मोजमापे केली. श्वेत बटू ताऱ्यांवर गुरुत्वाकर्षण कितीतरी तीव्र असते. व्याधाच्या जोडीदार श्वेत बटूची गुरुत्वीय ताम्रसृती सेकंदाला सुमारे ८० कि.मी. वेगाइतकी आहे.

पृथ्वीवर रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी १९६० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात गॅमा किरणांच्या साहाय्याने हा परिणाम मोजला. मोबाइलवर नकाशा दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांत गुरुत्व आणि वेग या दोहोंच्या परिणामी दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती करावी लागते. ती न केल्यास स्थाननिश्चिती दिवसाला काही किलोमीटरने चुकत जाईल.

वैश्विक ताम्रसृती

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ व्हेस्टो स्लायफर याने १९१२ मध्ये देवयानी दीर्घिकेचा वर्णपट मिळवला. तिच्या रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या होत्या; ती सेकंदाला सुमारे ३०० कि.मी. वेगाने आपल्या दिशेने येत असल्याचे त्यातून दिसले. पुढील मोजमापांनी चित्र पालटले. १९१७ पर्यंत त्याने तपासलेल्या २५ सर्पिल तेजोमेघांपैकी २१ ताम्रसृती दाखवत होते. या तेजोमेघांची अंतरे तेव्हा माहीत नव्हती. ते आपल्या आकाशगंगेतच आहेत की बाहेर, हाही वादाचा प्रश्न होता. एडविन हबल याने अंतरे मोजून १९२९ मध्ये अंतर आणि ताम्रसृती समप्रमाणात वाढतात असे दाखवले. त्यापूर्वी १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्रीडमन याने व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांतून प्रसरणशील विश्वाची शक्यता काढली होती, आणि बेल्जियन धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र याने १९२७ मध्ये प्रसरण आणि दीर्घिकांची ताम्रसृती यांचा मेळ घातला होता. या नियमास आज ‘हबल–लमेत्र नियम’ म्हणतात. श्रेय वाटताना स्लायफरचे नाव मात्र बहुधा मागे पडते.

वैश्विक ताम्रसृती ही साध्या अर्थाने डॉप्लर परिणाम नाही. दीर्घिका एखाद्या स्फोटातील तुकड्यांप्रमाणे अवकाशातून धावत नाहीत. त्यांच्यामधील अवकाशच प्रसरण पावते. प्रकाश प्रवासात असताना विश्वाचा आकार जितक्या पटींनी वाढतो, तितक्याच पटींनी त्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते. म्हणून १ + झेड हे गुणोत्तर सरळ विश्वाच्या तेव्हाच्या आकाराबद्दल सांगते. झेड १ असलेल्या दीर्घिकेतून प्रकाश निघाला तेव्हा विश्वातील अंतरे आजच्या निम्मी होती. झेड ४ असताना ती आजच्या एक पंचमांश होती. हे विधान करताना वेगाचा उल्लेखही करावा लागत नाही. मोठ्या ताम्रसृतीचे वेगात रूपांतर करून ‘अमुक दीर्घिका प्रकाशवेगाच्या इतके टक्के वेगाने पळते’ असे लिहिण्याची वृत्तपत्री पद्धत त्यामुळेच दिशाभूल करणारी आहे.

प्रकाश दीर्घ प्रवासात ‘थकतो’ आणि ऊर्जा गमावतो, त्यामुळे ताम्रसृती होते, असा एक पर्याय फ्रिट्झ झ्विकी याने १९२९ मध्ये सुचवला होता. तो पारखण्याची कसोटी सोपी आहे. प्रकाश नुसता थकत असेल, तर दूरच्या घटनांचा रंग बदलेल, परंतु त्यांचा कालावधी बदलणार नाही. विश्व प्रसरण पावत असेल, तर दोन्ही एकाच पटीने ताणले जातील. एका विशिष्ट प्रकारच्या अतिनवताऱ्यांची चमक ठरावीक दिवसांत वाढते आणि ओसरते. झेड १ च्या आसपासच्या अशा ताऱ्यांची चमक ओसरायला जवळच्यांपेक्षा सुमारे दुप्पट दिवस लागतात, असे निरीक्षणांत आढळले. थकलेल्या प्रकाशाच्या कल्पनेला हे पटवून देता येत नाही.

आपल्याला दिसू शकणाऱ्या प्रारणांपैकी सर्वांत प्राचीन, म्हणजे वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी, सुमारे १०९० ताम्रसृतीचे आहे. ते मोकळे झाले तेव्हा विश्वाचे तापमान सुमारे ३००० केल्व्हिन होते. तरंग ताणले जाऊन आज ते २.७ केल्व्हिनवर आले आहे.

ताम्रसृतीवरून अंतर

जवळच्या दीर्घिकांसाठी हबल–लमेत्र नियम थेट वापरता येतो. अरुंधती केश तारकासमूहातील प्रसिद्ध दीर्घिकागुच्छाची ताम्रसृती ०.०२३ आहे, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ६९०० कि.मी. हबल स्थिरांक दर मेगापार्सेकला ७० कि.मी. प्रतिसेकंद धरल्यास त्याचे अंतर सुमारे १०० मेगापार्सेक, अर्थात ३२ कोटी प्रकाशवर्षे येते. हबलला स्वतःला हा स्थिरांक सुमारे ५०० मिळाला होता. आजची मोजमापे पद्धतीनुसार ६७ ते ७३ च्या दरम्यान येतात. प्राचीन प्रारणावरून काढलेले मूल्य आणि जवळच्या ताऱ्यांवरून काढलेले मूल्य यांतील ही तफावत अजून मिटलेली नाही.

दूरच्या वस्तूंच्या बाबतीत ‘अंतर किती?’ या प्रश्नालाच एकाहून अधिक उत्तरे असतात. झेड १ असलेल्या दीर्घिकेचा प्रकाश सुमारे ७.९ अब्ज वर्षांपूर्वी निघाला. यास पश्चदर्शी काल म्हणता येईल. पण प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत राहिले, म्हणून ती दीर्घिका आज सुमारे ११ अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे. हे तिचे सहगामी अंतर. बातम्यांमध्ये यांपैकी कोणताही आकडा ‘अंतर’ म्हणून छापला जातो, आणि एकाच दीर्घिकेबद्दल दोन वर्तमानपत्रांत दोन आकडे दिसतात. दोन्ही बरोबर असू शकतात. शास्त्रीय लेखनात म्हणूनच अंतराऐवजी झेड देण्याची प्रथा आहे. झेड हे प्रत्यक्ष मोजलेले असते. वर्षे आणि प्रकाशवर्षे ही विश्वाच्या गृहीत प्रतिमानावरून काढलेली असतात.

हायड्रोजनची २१ सेंटिमीटर रेषा आणि खोडदची दुर्बीण

विश्वातील सर्वांत विपुल मूलद्रव्य असलेल्या हायड्रोजनचा उदासीन अणू रेडिओ तरंगांतही एक रेषा उत्सर्जित करतो. अणूतील प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या परिवलनाची सापेक्ष दिशा पालटल्यावर २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा, म्हणजे १४२०.४ मेगाहर्ट्झ वारंवारतेचा तरंग बाहेर पडतो. एकट्या अणूत ही घटना सरासरी १ कोटीहून अधिक वर्षांत एकदा घडते. दीर्घिकेत अणू अगणित असल्यानेच तिचा संकेत मिळतो. या रेषेचे भाकीत १९४४ मध्ये झाले आणि १९५१ मध्ये ती आकाशगंगेत सापडली.

ताम्रसृतीमुळे या रेषेची वारंवारता घटते. झेड १ असल्यास ती ७१० मेगाहर्ट्झवर येते, ३.३ असल्यास ३३० वर, ८.५ असल्यास १५० वर. ज्याला विश्वाच्या बालपणीचा हायड्रोजन पाहायचा आहे, त्याला कमी वारंवारतेची मोठी दुर्बीण लागते. गोविंद स्वरूप यांनी जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, उभारण्यामागचे एक प्रमुख कारण हेच होते. पुण्यापासून सुमारे ८० कि.मी. उत्तरेस, नारायणगावजवळ खोडद येथे तिचे केंद्र आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे १ चौरस किलोमीटरात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. ताणलेल्या तारांच्या जाळीची तबकडी ही स्वरूप यांची कल्पना खर्च आटोक्यात ठेवणारी ठरली. जागा निवडताना डोंगरांच्या आडोशामुळे कृत्रिम रेडिओ गोंगाट कमी असणे हा मुद्दा महत्त्वाचा होता. धायरीसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात मोबाइल मनोरे आणि विद्युत उपकरणे यांच्या संकेतांपुढे दूरच्या हायड्रोजनची कुजबुज ऐकूच येणार नाही.

दुर्बिणीची कल्पना पुढे आली तेव्हाच्या एका मतानुसार, विश्वात आधी हायड्रोजनचे प्रचंड मेघ तयार झाले आणि मग त्यांचे विभाजन होऊन दीर्घिका बनल्या. असे मेघ ३ च्या पुढील ताम्रसृतीला सापडतील अशी अपेक्षा होती. ते सापडले नाहीत. लहान घटक एकत्र येऊन मोठ्या दीर्घिका बनतात, हे चित्र दरम्यान दृढ झाले होते. एका दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत या दुर्बिणीच्या मानानेही अतिशय क्षीण होता. दुर्बिणीचे अद्ययावतीकरण होऊन तिचा एका वेळचा वारंवारता-पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढल्यानंतर हा अडसर वेगळ्या रीतीने ओलांडला गेला.

राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, पुणे येथील आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील शिव सेठी व के. एस. द्वारकानाथ यांनी ०.७४ ते १.४५ ताम्रसृतीच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. या दीर्घिकांच्या ताम्रसृती दृश्य प्रकाशातील सर्वेक्षणातून आधीच मोजलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक दीर्घिकेची २१ सेंटिमीटर रेषा कोणत्या वारंवारतेवर असायला हवी, हे ठाऊक होते. कोणाची ५८० मेगाहर्ट्झजवळ, कोणाची ८०० च्या वर. प्रत्येक संकेत त्याच्या ताम्रसृतीनुसार मूळ वारंवारतेवर परत आणून सर्वांची सरासरी काढली. अशा सरासरीत यादृच्छिक गोंगाट संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे येथे सुमारे ८७ पटींनी घटतो आणि समान असलेला संकेत शिल्लक राहतो. ताम्रसृती थोड्या जरी चुकल्या असत्या, तरी रेषा एकमेकींवर बसल्या नसत्या आणि काहीच दिसले नसते.

जे दिसले त्याने एक जुने कोडे सुटण्यास मदत झाली. विश्वातील तारे जन्मण्याचा वेग सुमारे ८ ते १० अब्ज वर्षांपूर्वी कमाल होता आणि तेव्हापासून तो सुमारे दशांशावर आला आहे. या दीर्घिकांत अणुरूप हायड्रोजन भरपूर असला, तरी तारे जन्मण्याच्या त्या वेगाने तो १ ते २ अब्ज वर्षांतच संपला असता असे आढळले. बाहेरून नवा वायू पुरेशा वेगाने न मिळाल्याने ताऱ्यांची निर्मिती मंदावली असावी. हे संशोधन ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गोविंद स्वरूप यांचे त्याच्या महिनाभर आधी, ७ सप्टेंबर २०२० रोजी, पुण्यात निधन झाले होते.

पुढे २०२३ मध्ये अर्णव चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी याच दुर्बिणीच्या साहाय्याने १.२९ ताम्रसृतीच्या एका दीर्घिकेतील ही रेषा शोधल्याचे जाहीर केले. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वीय भिंगाने तिचा संकेत अनेक पटींनी मोठा केला होता. जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणातील नोंदींवरून ५.७२ ताम्रसृतीची मानली गेलेली रेडिओ दीर्घिकाही २०१८ मध्ये सापडली.

पुण्यातील अन्य संशोधन

आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र (आयुका) व आयसर, पुणे येथील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महागुच्छ शोधल्याचे जाहीर केले. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे असून ताम्रसृती सुमारे ०.२८ आहे. आकाशाच्या सपाट चित्रात दीर्घिका जवळजवळ दिसतात, पण त्या खरोखर एकत्र आहेत की एकामागे एक, हे ताम्रसृतीनेच कळते. तिसरी मिती मिळाल्याशिवाय सरस्वतीसारखी रचना सापडलीच नसती.

आयुकातील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाद्वारे १.४२ ताम्रसृतीच्या दीर्घिकेतून निघालेले सुमारे ६० नॅनोमीटरचे अतिनील प्रारण टिपले. इतक्या लहान तरंगांचे प्रारण हायड्रोजन शोषून घेतो. त्यातून ते निसटले कसे, हा संशोधनाचा विषय आहे. ताम्रसृतीमुळे ते १४५ नॅनोमीटरच्या आसपास येऊन पोहोचले आणि उपग्रहाच्या टप्प्यात आले. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांत सुमारे ४ ताम्रसृतीची, सुघटित बाहू असलेली सर्पिल दीर्घिका २०२५ मध्ये ओळखली आणि तिला ‘अलकनंदा’ असे नाव दिले. विश्वाचे वय जेमतेम दीड अब्ज वर्षे असताना इतकी नीटस रचना तयार झाली होती, हे अनपेक्षित मानले जाते.

आर्प आणि नारळीकर: ताम्रसृतीचा वाद

१९६३ मध्ये मार्टेन श्मिट याने ‘थ्रीसी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूच्या वर्णपटातील कोड्यात टाकणाऱ्या रेषा हायड्रोजनच्याच असून ०.१५८ ताम्रसृतीने सरकलेल्या आहेत हे ओळखले. अशा वस्तूंना क्वेसार हे नाव मिळाले. त्यांची ताम्रसृती प्रसरणामुळे आहे असे मानल्यास त्या फार दूर ठरतात, आणि इतक्या दुरून दिसण्यासाठी त्यांची तेजस्विता अचाट असावी लागते. ही ऊर्जा सूर्यमालेएवढ्या लहान जागेतून कशी येते, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा नव्हते. त्यामुळे या ताम्रसृतीचे कारणच वेगळे असावे, अशी शंका घेणे त्या काळी अवाजवी नव्हते.

हॉल्टन आर्प या अमेरिकी निरीक्षकाने कमी ताम्रसृतीच्या दीर्घिकांना खेटून अधिक ताम्रसृतीचे क्वेसार दिसत असल्याची अनेक उदाहरणे मांडली. त्याच्या मते ते त्या दीर्घिकांतूनच बाहेर फेकले गेले होते. असे असेल, तर ताम्रसृतीचा मोठा भाग अंतराशी निगडित नाही. पण मग तो कशामुळे? यावरील सर्वांत सुसंगत सैद्धांतिक उत्तर जयंत विष्णू नारळीकर यांनी दिले. फ्रेड हॉइल यांच्यासह १९६४ मध्ये मांडलेल्या गुरुत्वाकर्षण सिद्धांतात कणाचे वस्तुमान हे विश्वातील इतर कणांशी असलेल्या संबंधातून ठरते. १९७७ मध्ये नारळीकरांनी दाखवले, की अशा सिद्धांतात कणांचे वस्तुमान काळानुसार वाढू शकते. अणूच्या वर्णपटरेषेची तरंगलांबी इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून नव्याने निर्माण झालेल्या द्रव्यातील हलके इलेक्ट्रॉन ताम्रसृत प्रकाश देतील. क्वेसार नवद्रव्याचे बनलेले असतील, तर ते जवळ असूनही त्यांची ताम्रसृती मोठी दिसेल. पी. के. दास यांच्यासह त्यांनी १९८० मध्ये हा विचार आर्पच्या उदाहरणांना लावून पाहिला.

या विचाराचे निरीक्षणांनी समर्थन केले नाही. आर्पचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘एनजीसी ४३१९’ ही ०.००४५ ताम्रसृतीची दीर्घिका आणि तिच्याशेजारी दिसणारे ०.०७ ताम्रसृतीचे ‘मार्केरियन २०५’. हबल दुर्बिणीने घेतलेल्या मार्केरियनच्या वर्णपटात दीर्घिकेतील वायूने शोषलेल्या रेषा मिळाल्या. म्हणजे प्रकाश दीर्घिकेतून पार होऊन आला होता, आणि मार्केरियन तिच्या मागे होते. १९७९ मध्ये सापडलेल्या जुळ्या क्वेसारातही १.४१ ताम्रसृतीच्या प्रकाशाला ०.३६ ताम्रसृतीची दीर्घिका भिंगाप्रमाणे वाकवते. भिंग अर्थातच अलीकडे असावे लागते. क्वेसारांभोवतीच्या यजमान दीर्घिकाही पुढे प्रत्यक्ष दिसल्या, आणि महाकाय कृष्णविवराभोवती फिरणारे द्रव्य ही त्यांच्या ऊर्जेची सर्वमान्य उपपत्ती ठरली. आज क्वेसारांची ताम्रसृती वैश्विक आहे याबद्दल बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांत मतभेद नाही.

नारळीकर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुकाचे संस्थापक-संचालक होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मराठी वाचकांना विश्वाचे प्रसरण आणि महास्फोट समजावून सांगणाऱ्यांत ते अग्रणी होते, आणि त्याच महास्फोट सिद्धांताचे ते आयुष्यभर टीकाकार राहिले. प्रचलित मत नीट शिकवून मग त्यावर आक्षेप घेणे ही त्यांची रीत होती. विसंगत निरीक्षणांना तपासाविना मोडीत काढू नये, हा त्यांचा आग्रह त्यांच्या प्रतिमानाशी असहमत असलेल्यांनीही मान्य केला.

निकटवर्ती संज्ञा

विशेष वेग: प्रसरणाव्यतिरिक्त दीर्घिकेला शेजाऱ्यांच्या गुरुत्वामुळे असलेला स्वतःचा वेग. देवयानीची नीलसृती याच कारणाने आहे. ती आपल्याकडे येत आहे, म्हणून प्रसरणाचा नियम मोडत नाही. गुच्छांतील दीर्घिकांच्या विशेष वेगांमुळे ताम्रसृतीवरून काढलेल्या नकाशात गुच्छ निरीक्षकाच्या दिशेने लांबट ताणलेला दिसतो. या फसव्या आकाराला खगोलशास्त्रज्ञ ‘देवाची बोटे’ म्हणतात.

लायमन-आल्फा अरण्य: दूरच्या क्वेसारच्या वर्णपटात दिसणाऱ्या शेकडो शोषणरेषांचा समूह. हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची एकच रेषा वाटेतील प्रत्येक मेघाकडून त्याच्या त्याच्या ताम्रसृतीला पुन्हा पुन्हा उमटते. यातील कोणत्याही रेषेची ताम्रसृती क्वेसारच्या ताम्रसृतीहून फारशी अधिक नसते. क्वेसार या सर्व मेघांच्या पलीकडे आहे, याचा हा आणखी एक पुरावा.

प्रकाशमितीय ताम्रसृती: वर्णपट न घेता वेगवेगळ्या रंगगाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमांतील तेजाच्या तुलनेवरून काढलेला अंदाज. वर्णपटासाठी क्षीण दीर्घिकेवर दुर्बीण तासन्‌तास रोखावी लागते, तर या रीतीने एका प्रतिमेतील हजारो दीर्घिकांचा अंदाज एकदम मिळतो. मात्र तो चुकू शकतो. जेम्स वेब दुर्बिणीच्या सुरुवातीच्या प्रतिमांतील ‘सीईईआरएस-९३३१६’ या दीर्घिकेची ताम्रसृती अशा रीतीने सुमारे १६ काढली गेली आणि तिला विक्रमी मानले गेले. २०२३ मध्ये प्रत्यक्ष वर्णपट घेतल्यावर ती ४.९ निघाली. त्याच दुर्बिणीने पुढे वर्णपटाद्वारे १४ हून अधिक ताम्रसृतीच्या दीर्घिकांची निश्चिती केली आहे.